सतरंजीवरच्या लोकांसमोर पहिली जादू

माझा धंदा मंडप-डेकोरेशनचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या भागात लग्न, भागवत सप्ताह, गणपती, शाळेचं गॅदरिंग, जिथे चार बल्ल्या उभ्या करायच्या तिथे मी. दुसऱ्यांसाठी स्टेज बांधता बांधता त्यावर चढायची हौस आली. आता वर्षातून पाच-सहा ठिकाणी जादूचे प्रयोग करतो. पोटापुरता नाही, पण कात्री-दोरीचा खर्च निघतो.

प्रयोग झाला की दोन-तीन पोट्टे मागे लागतातच. "भाऊ, आमाले बी शिकवा ना." मोबाईलवर पाहून पत्त्यांचं काहीतरी त्यांना येत असतं, आणि चांगलं येत असतं. पण तेच स्टेजवर केलं की लोक जांभया देतात आणि पोट्टा हिरमुसतो. हा लेख अशांसाठी आहे. ध्येय एकच: तीन प्रयोग, बारा-पंधरा मिनिटं, आपल्याच गावात.

आधी बसणारे पाहा, मग जादू निवडा

मोबाईलवरच्या जादूगाराला एकच प्रेक्षक असतो, कॅमेरा. तो समोर, छातीच्या उंचीवर, जागेवरून न हलणारा. आपल्याकडे काय होतं? लहान पोरं स्टेजला नाक लावून बसतात. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला खुर्च्यांवर पाहुणे, मागे उभी माणसं, आणि शाळेच्या भिंतीवर चढलेले चार-पाच जण. कनातीला फट असली तर मागूनही डोळे लागलेले असतात. बांधणारा मीच असल्यामुळे सांगतो, फट असतेच.

दुसरी गोष्ट उंचीची. स्टेज तीन-चार फूट उंच, समोरची पोरं सतरंजीवर. त्यांना तुमचा हात खालून दिसतो. तळव्यात लपवलेलं नाणं समोरच्या खुर्चीवरच्या सरपंचांना दिसणार नाही, पण पहिल्या रांगेतल्या चौथीतल्या पोराला सरळ दिसतं, आणि ते पोरगं गप्प बसत नाही.

म्हणून प्रत्येक प्रयोगाला चार प्रश्न विचारा. शेवटच्या माणसाला वस्तू दिसेल का? बाजूने आणि खालून पाहिलं तर भेद फुटेल का? वाऱ्याने उडेल का? एकच हात मोकळा असला तर जमेल का? हा शेवटचा प्रश्न माईकमुळे येतो, त्याचं पुढे सांगतो.

पत्ते पहिल्याच प्रश्नाला नापास. दहा रुपयांचं नाणं २७ मिलिमीटरचं, तेही चौथ्या रांगेपलीकडे कुणाला दिसत नाही. नाणं खिशात ठेवा, बोटांच्या सरावासाठी त्याच्यासारखी वस्तू नाही, पण स्टेजवर नको. ऑनलाइन मिळणारे जादूचे डबेही सुरुवातीला घेऊ नका. त्यातलं निम्मं सामान चकचकीत प्लास्टिकचं असतं, आणि पाहणाऱ्याला पहिला संशय डब्याचाच येतो. रोजच्या वापरातली वस्तू गायब झाली तर लोकांना चटका बसतो. दोरी, स्टीलचा गिलास, दुपट्टा, वर्तमानपत्र.

पहिल्या तीन प्रश्नांत पास होणारा पहिला प्रयोग म्हणजे कापलेली दोरी जोडणं. एका हाताने जमण्याची चौथी अट तेवढी तो पाळत नाही, पण त्याची सोय करता येते.

दोरी

दोरी सुताची, पांढरी, मऊ, करंगळीएवढी जाड. नायलॉनची नको, कापल्यावर तिची टोकं फिसकारतात आणि गाठ घसरते. विणलेल्या दोरीच्या पोटात भरणाचा धागा असेल तर तो ओढून काढा, दोरी एकदम नरम पडते. लांबी दोन मीटर. प्रत्येक प्रयोगात वीतभर दोरी खर्ची पडते, त्यामुळे एकदम पंधरा-वीस मीटर घेऊन ठेवा.

दोरीची दोन्ही टोकं डाव्या हाताच्या चिमटीत धरा. टोकं चार बोटं वर दिसू द्या, हाताची पाठ लोकांकडे. दोरीचा मध्य खाली लोंबतो आहे.

आता उजव्या हाताने मध्य उचला आणि डाव्या मुठीकडे आणा. मध्य उजव्या बोटांवर नुसता अडकलेला हवा, चिमटी रिकामी. डाव्या हाताच्या आड पोचलात की त्या रिकाम्या चिमटीने उजवीकडच्या टोकाची दोरी मुठीच्या लगेच खाली पकडा आणि वर ओढा. ती खऱ्या मध्याच्या वेटोळ्यातून वर येते. खरा मध्य बोटांवरून सुटून मुठीत, डाव्या अंगठ्याखाली राहतो. वर दिसणारं वेटोळं टोकापासून जेमतेम वीतभर अंतरावरचं आहे, लोकांना मात्र तोच मध्य वाटतो. सगळा प्रयोग या अर्ध्या सेकंदात आहे. पुढचं सगळं नाटक.

वेटोळं प्रेक्षकांतल्या कुणाकडून तरी कापून घ्या. वर चार टोकं दिसतात. त्यातली लांब दोरीची दोन सोडून द्या: एक मूळचं डावं टोक आणि एक नुकतंच कापलेलं. आता दोन दोऱ्या लोंबताहेत असं वाटतं. खरं तर एक अख्खी दोरी आहे आणि तिच्या मध्यावर एक छोटा तुकडा अडकलाय. तो तुकडा गाठ मारून बांधा आणि मूठ उघडा. दोन तुकडे गाठ मारून जोडलेले, सगळे बघतात.

इथून दोन वाटा. गाठीची टोकं "जरा साफ करू" म्हणत कापत कापत गाठच उडवायची, ही सोपी. नाहीतर दोरी डाव्या हातावर गुंडाळताना उजव्या मुठीत गाठ सरकवत न्यायची, टोकावरून काढायची आणि कात्री खिशात ठेवायच्या निमित्ताने गाठ खिशात सोडायची. ही देखणी, पण पहिले सहा महिने पहिलीच वापरा.

तो अर्धा सेकंद झाकायचा कसा? हात वेगाने फिरवून नाही. वेग दिसला की लोकांना कळतं, इथेच काहीतरी केलं. हात सावकाश चालू द्या आणि नजर दुसरीकडे न्या. लोक तिथेच पाहतात जिथे तुम्ही पाहता. मी त्या क्षणी कात्री धरलेल्या माणसाकडे बघून विचारतो, "काका, धार हाय ना तिले?" सगळ्यांच्या माना कात्रीकडे वळतात. काका कात्री चालवून दाखवतात. तोवर माझं काम होऊन गेलेलं असतं.

पाणी, आणि खारपाण पट्टा

दुसरा प्रयोग स्टीलच्या गिलासातलं पाणी गायब करण्याचा. लहान मुलांच्या डायपरमधल्या कापसात पांढरी बारीक पूड असते, ती पाणी शोषून घट्ट होते. डायपर फाडून वर्तमानपत्रावर झटकला की ती जमा होते. चहाचा एक चमचा पूड आधीच गिलासाच्या बुडाशी ठेवा. अर्धा कप पाणी ओता, बोलण्यात अर्धा-एक मिनिट घालवा, गिलास उपडा करा. थेंब पडत नाही. शेवटी गिलास लगेच झोळ्यात टाका, कुणाच्या हातात देऊ नका. ती पूड पोरांच्या तोंडात-डोळ्यांत जाता कामा नये, आणि नालीत तर मुळीच टाकू नका, फुगून बसते.

यात एक फसगत आहे, जी मला अकोल्याकडे कळली. पाण्यात क्षार जास्त असले की ही पूड नीट फुगत नाही. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात विहिरी-बोअरचं पाणी खारं. घरी पाठ झालेला प्रयोग तिथे केला, गिलास उपडा केला आणि अर्धं पाणी माझ्या बुटावर. तेव्हापासून मी आरओच्या कॅनचं पाणी बाटलीत सोबत नेतो आणि गावात पोचल्याबरोबर आडोशाला एकदा करून पाहतो.

तिसरा प्रयोग तुमच्या आवडीचा घ्या. थंब टिप, म्हणजे पोकळ खोटा अंगठा, बरेच जण घेतात, त्यात छोटा रेशमी रुमाल नाहीसा होतो. गुलाबीसर प्लास्टिक आपल्या उन्हाने रापलेल्या हाताशी जुळत नाही म्हणून पोरं घाबरतात. रंगाची काळजी कमी करा, अंगठ्याचं टोक लोकांकडे रोखलेलं ठेवा आणि स्वतः तिकडे बघू नका. माझी अडचण वेगळी होती. एप्रिल-मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे गेला की घामाने तो अंगठा घसरतो. उन्हाळ्यातल्या कार्यक्रमात मी तो वापरतच नाही.

हात आणि सराव

कापूस वेचणाऱ्याच्या बोटांना बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी चरे पडलेले असतात. अशा बोटांना रेशमी रुमाल अडकतो, सर्रकन सुटत नाही. सीतादहीच्या, म्हणजे कापूस वेचणीच्या हंगामात प्रयोग असेल तर आठवडाभर आधीपासून रात्री खोबरेल चोळून झोपा. प्रयोगाच्या दिवशी मात्र हात कोरडे, तेलकट हातातून दोरी निसटते.

सराव तीन टप्प्यांत करा. पहिला आरशासमोर, फक्त हात. हा लवकर सोडा. आरशात आपण आपल्याच हाताकडे बघतो, आणि तीच सवय स्टेजवर नडते. दुसरा टप्पा मोबाईलचा. फोन समोर नको. एकदा जमिनीवर विटेला टेकवून ठेवा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तिन्ही व्हिडिओत भेद दिसला नाही तर पुढे जा. तिसरा टप्पा बोलत करायचा. हात बरोबर चालतात तोवर तोंड बंद पडतं, आणि बोलायला लागलं की हात अडखळतात, सगळ्यांचं होतं. ढोरं चारताना, पाळीवर पाणी देताना, बसची वाट पाहताना दोरी खिशात असू द्या. हात आपोआप चालायला लागले की बोलण्याकडे लक्ष देता येतं.

घरच्यांना दाखवायची घाई करू नका. बायको-भाऊ दयामाया ठेवत नाहीत हे चांगलंच, पण त्यांना एकदा गुपित कळलं की पहिल्या प्रयोगाला तेच समोर बसून गालात हसतात.

काय बोलायचं

आपल्याकडचे नवे जादूगार स्टेजवर चढले की एकदम हिंदी बोलायला लागतात. मेहेरबान, कदरदान वगैरे. ते रस्त्यावरच्या मदाऱ्याच्या तोंडी शोभायचं, आपल्या तोंडी उसनं वाटतं. तुम्ही घरी ज्या बोलीत बोलता तीच बोली ठेवा. वऱ्हाडी असो की झाडी, तिच्यात हशा आधीच पेरलेला आहे.

दोरीला मी धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची गोष्ट लावतो. दोन भाऊ, बापाचं एक वावर. थोरल्याची बायको म्हणते धुरा इकडे सरकला, धाकट्याची म्हणते तिकडे. मोजणी झाली, कात्री लागली, वावराचे दोन तुकडे. पाच वर्षं बोलाचाली बंद. मग पोळ्याच्या दिवशी बैल बांधायला दावं कमी पडलं, तेव्हा धाकटा थोरल्याच्या दारात गेला. इथे मी गाठ बांधतो. "गाठ बांधली पन दिसून राह्यली ना?" मग म्हातारी माय येते, आणि गाठ जाते. गोष्ट साधी आहे, पण गावात अशी चार घरं असतातच आणि सगळ्यांना ती माहीत असतात. एकदा समोर खरोखरचे दोन भाऊ दोन टोकांना बसले होते. मला नंतर कळलं.

गोष्ट तुमची तुम्ही रचा. माझी उचललीत तरी हरकत नाही, पण भाऊ दुसऱ्या गावचे करा.

चेष्टेला मर्यादा हवी. कुणाची जात, रंग, नवरा-बायकोचं भांडण, बाईमाणसाला हात लावून काही करणं, हे नकोच. स्टेजवर बोलावलेला माणूस खाली उतरताना टाळ्या घेऊन उतरला पाहिजे. सरपंचांना बोलवायचा मोह होतो, पण विरोधी गटाची पोरं शिट्ट्या मारतात आणि प्रयोग बाजूला राहतो. अंगणवाडी सेविका, पोस्टमन, दूध डेअरीवाला, ज्यांना सगळं गाव ओळखतं आणि ज्यांच्याशी कुणाचं वाकडं नाही, अशी माणसं उत्तम.

"बाहीत हाये बे!" हे कुणीतरी ओरडणारच. म्हणून अर्ध्या बाहीचा सदरा घाला. माझ्याकडे चमचमता कोट होता, दोन कार्यक्रमांनंतर काढून टाकला.

कुठे आणि केव्हा

पहिला प्रयोग जत्रेत नको. बहिरमसारख्या यात्रेत माणूस थांबत नाही, तिथे गर्दी धरून ठेवणं हे वेगळं शास्त्र आहे. शाळेचं गॅदरिंग किंवा तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा बघा. पोरं बसलेली असतात, मायबाप खुशीत असतात. गणपतीत जागा सहज मिळते, पण पावसाळी किडे हॅलोजनवर झुंबड करतात आणि गिलासात पडतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यात असाल तर दिवाळीनंतर मंडईचा, म्हणजे गावोगावच्या जत्रांचा हंगाम आहे. रात्रभर चालणारं झाडीपट्टीचं नाटक सुरू व्हायच्या आधी लोक जमून बसलेले असतात, त्या वेळात दहा मिनिटं मागा.

कार्यक्रमाच्या दिवशी दोन तास आधी पोचा. मंडपवाल्याशी गोड बोला, चहा पाजा, हा माझा स्वार्थी सल्ला आहे. त्याच्याकडून तीन गोष्टी करून घ्या. एक, मागची कनात फटीशिवाय ओढायची. दोन, तुमच्या पाठीमागचा बल्ब किंवा फ्लड बंद. पाठीमागून उजेड आला की पातळ रुमालातून आरपार दिसतं. तीन, स्टेजसमोर पाच-सहा फुटांवर चुन्याची रेघ आणि पोरांना त्यापलीकडे बसवायला एक गुरुजी.

मग माईक. गावात तुमच्या हातात माईक देतात आणि तुमचा एक हात गेला. स्टँड मागून घ्या. नसेलच तर खुर्चीच्या पाठीला दुपट्ट्याने बांधा, मी बांधलाय. कॉलर माईक स्वतःचा घेता आला तर सगळ्यात बरं, त्याची बॅटरी मात्र सकाळीच तपासा. लाइट गेली तर पळू नका, टॉर्च जवळ असू द्या आणि धुऱ्याची गोष्ट लांबवा.

सूत्रसंचालकाला आधीच सांगा की मी हात जोडेपर्यंत माईक घ्यायचा नाही. प्रसिद्ध जादूगार पी. सी. सरकार यांनी ९ एप्रिल १९५६ रोजी लंडनला बीबीसीच्या टेलिव्हिजनवर एका मुलीला विजेच्या करवतीने कापायचा प्रयोग केला, आणि तिला उठवण्याच्या बेतात असतानाच कार्यक्रम संपल्याची घोषणा झाली. मुलगी मेली समजून घाबरलेल्या लोकांचे इतके फोन आले की लाइनी तुंबल्या. सरकारांना त्यातून कीर्ती मिळाली. तुमची दोरी गाठीवरच थांबली तर तुम्हाला फक्त "बांधली ना गा त्यानं" एवढं मिळेल.

दारू प्यालेला एक जण स्टेजवर येतोच, दारूबंदीच्या वर्धा-गडचिरोलीतही येतो. भांडू नका. त्याला टाळ्या मिळवून द्या आणि हाताला धरून उतरवा. कात्री तेवढी आधी खिशात घाला.

आग, ब्लेड, काच हे सगळं वर्ज्य. मंडपाचं कापड कसं पेटतं ते मी पाहिलंय. साप आणि पोपटही नकोत, १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अडकाल.

प्रयोगानंतर

टाळ्या संपल्यावर कुणीतरी बाजूला घेईल. कुणाचं पोरगं रात्री दचकतं, कुणाची म्हैस हरवली, कुणाला पैसे दुप्पट करून हवे असतात. "तुमाले येते ना सारं." पहिल्यांदा मला हसू आलं होतं, नंतर आलं नाही, कारण त्या बाईच्या हातात खरोखर पाचशेची नोट होती. अशा वेळी मी दोरी काढतो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत भेद उघडून दाखवतो. जादूगाराने गुपित फोडू नये म्हणतात. या एका ठिकाणी मी फोडतो. पोराला मात्र सरकारी दवाखान्यात न्या म्हणून सांगतो.

कायद्याची भीती नवखे विचारतात. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालचा, डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मंजूर झालेला. त्याचा रोख चमत्काराचा दावा करून फसवणं, पैसे उकळणं, दहशत बसवणं यावर आहे. आपण दावा करतच नाही. मी सुरुवातीलाच माईकवर सांगतो, "हे सारं हातचलाखी हाय. माह्या अंगात काही येत नाही, आलं तर मलेरियाच येते." लोक हसतात. गाडगेबाबांचं शेंडगाव आणि तुकडोजी महाराजांची मोझरी इथल्याच अमरावती जिल्ह्यातली, त्यामुळे ही भाषा आपल्याकडच्या म्हाताऱ्यांना नवी नाही.

मानधन पहिल्या दोन-तीन वेळा शाल-श्रीफळच समजा. प्रवासखर्च मात्र आधी बोलून घ्या.

आणि निघायच्या आधी स्टेज झाडा. दोरीचे कापलेले तुकडे, पुडीचा कागद, सगळं मोजून झोळ्यात. माझ्या पहिल्या प्रयोगात गाठ मारलेला तो छोटा तुकडा फळ्यांच्या फटीतून खाली पडला होता. मी शाल पांघरून घरी जाऊन झोपलो. सकाळी चहाच्या टपरीवर गेलो तर एक तिसरीतलं पोरगं स्टुलावर उभं राहून सगळ्यांना ती गाठ दाखवत होतं, आणि दोरी कुठून कशी आली ते माझ्यापेक्षा सोपं करून सांगत होतं.